माळ रिकामा नसतो

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



फिरायला जायचं म्हटलं की आपल्याकडे माणूस डोंगर धरतो, नाही तर समुद्र. पावसाळ्यात सह्याद्रीच्या किल्ल्यांवर रांगा लागतात, सुट्ट्यांत कोकणच्या किनाऱ्यावर पाय ठेवायला जागा नसते. पण ‘आम्ही यंदा माळावर फिरायला चाललोय’ असं कुणी सांगितलेलं मी तरी अजून ऐकलं नाही. माळावर माणूस जातो तो शेळी चुकली म्हणून, नाही तर स्वतःच वाट चुकला म्हणून. ‘उजाड’ आणि ‘माळ’ हे दोन शब्द आपण असे जोडीनं वापरतो, की माळ म्हणजे उजाडच असणार हे आपल्याला न तपासता पटलेलं असतं.

मी मात्र गेली तीस-पस्तीस वर्षं थंडीच्या दिवसांत माळावरच फिरतो. दिवाळीचे दिवे विझले, रात्री दुलई लागायला लागली की माझे रविवार ठरलेले. डोक्याला मफलर, पिशवीत दोन भाकरी, शेंगदाण्याची चटणी, पाण्याची बाटली आणि हातात काठी. संक्रांत होऊन ऊन तापायला लागेपर्यंत हा क्रम चालतो. या माळानं मला काय दाखवलं आणि आज त्याच्यापुढे कसला प्रश्न उभा आहे, तेवढंच आज सांगणार आहे.

मी राहतो तो मुलूख घोड, भीमा आणि सीना या नद्यांच्या मधला. श्रीगोंदे आणि कर्जत हे तालुके. जिल्हा अहमदनगर, २०२४ सालापासून तो अहिल्यानगर झाला. पावसाच्या बाबतीत आम्ही सावत्र. ढग सह्याद्रीवर रिकामे होतात आणि उरलंसुरलं आमच्याकडे येतं. वर्षाला पाचशे-साडेपाचशे मिलिमीटर, त्यातलाही बराचसा परतीचा. वर वीतभर माती, खाली मुरूम आणि त्याखाली काळा पाषाण. हा पाषाण म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थिजलेला लाव्हा. एवढ्या पावसात आणि एवढ्या उथळ मातीत दाट जंगल उभं राहत नाही. उभं राहतं ते गवत. कुसळी, पवन्या, मारवेल. मधून मधून हिवर, बोर, बाभूळ आणि पिवळ्या फुलांचा तरवड.

माळ पाहायचा तो थंडीतच. पावसाळ्यात चिखल, उन्हाळ्यात तवा. मार्गशीर्ष-पौषात गवत पिकून सोनेरी झालेलं असतं आणि हवा इतकी स्वच्छ असते, की कोसभरावरचं देऊळ हाताशी आल्यासारखं वाटतं. शिवाय थंडीतलं ऊन तिरपं पडतं. भर दुपारी जी जमीन सपाट दिसते, तिच्यावर सकाळी आठ वाजता बारीक बारीक सावल्या उमटतात. कुठं बुजलेल्या बांधाची ओळ, कुठं पडलेल्या घराचा चौथरा, कुठं शेकडो वर्षं मेंढरांच्या खुरांनी दाबली गेलेली वाट. जमिनीखाली काय दडलंय हे पाहण्यासाठी अभ्यासकसुद्धा अशा तिरप्या उजेडाचा उपयोग करतात. आपल्याला त्यासाठी फक्त लवकर उठावं लागतं.

मला माळाची ही ओढ लागली ती वडिलांमुळे. माझे वडील पिंजारी. कापूस पिंजून गाद्या, उशा, दुलया भरून देणं हा आमचा पिढीजात धंदा. शेतकऱ्याची सुगी ज्वारीची, आमची सुगी थंडीची. दिवाळी सरली की वडील पिंजणाची कमान खांद्यावर टाकून निघायचे. पेडगाव, सिद्धटेक, राशीन, मधल्या सगळ्या वाड्या-वस्त्या. गाडी-घोडं नाही, सगळं पायी. नाताळच्या सुट्टीत मी त्यांच्याबरोबर असायचो. वस्तीवर पोहोचलो की वडील अंगणात बसून तातीवर लाकडी ठोकळा मारायचे. तो आवाज ऐकून पोरं धावत यायची आणि पाठोपाठ बायाबापड्या जुन्या गाद्या घेऊन बाहेर पडायच्या. मजुरी कधी पैशांत, बहुधा शेर-दोन शेर ज्वारीत. रात्री मुक्काम मारुतीच्या देवळाच्या ओसरीत, नाही तर एखाद्या धनगराच्या वाड्यावर. ‘पिंजारीमामा, इथंच टेका आता, पुढं लांडगं हायती,’ असं म्हणून कुणी तरी घोंगडं पुढं करायचं.

वडिलांना अक्षरओळख नव्हती. पण माळाचा तुकडा अन् तुकडा त्यांना नावानं ठाऊक होता. म्हसोबाचा टेक, आसरांचा ओढा, लांडग्याची नळी, बामणाची विहीर. मी एकदा विचारलं, ‘अब्बा, इथं पाटी नाही, खांब नाही, तुम्हाला वाट कशी कळते?’ आमच्या घरच्या दखनीत ते म्हणाले, ‘रस्ता पाँवां कू मालूम रहता, बेटा.’ वाट पायांना माहीत असते. पुढे मी बी.ए. झालो, चार कविता लिहिल्या. पण त्या एका वाक्याच्या तोडीचं आपल्या हातून काही उतरलंय असं मला वाटत नाही.

पायांनी इतिहास वाचता येतो हे आपल्याकडे एका थोर विद्वानानं दाखवून दिलं आहे. दामोदर धर्मानंद कोसंबी हे मूळचे गणिती. पुण्यात राहायचे आणि आसपासच्या टेकड्या-माळ पायी तुडवायचे. गारगोटीच्या छिलक्यांची नखाएवढी अश्मयुगीन हत्यारं त्यांनी माळावरून वेचली. ती सापडतात त्या जागा, गावाबाहेरची शेंदूर फासलेली देवीची ठाणी आणि धनगरांच्या जाण्यायेण्याच्या वाटा यांचा एकमेकांशी संबंध आहे, हे त्यांनी मांडलं. त्यांचं ‘मिथ अँड रिअ‍ॅलिटी’ हे पुस्तक १९६२ साली आलं. धनगर आज मेंढरं घेऊन ज्या वाटेनं जातो, तिच्यावर त्याच्या आधी हजारो वर्षं माणसं चालत आलेली आहेत. वाट जुनी, चालणारे नवे.

आमच्या बाजूनं घोड नदी ओलांडली की शिरूर तालुक्यात इनामगाव लागतं. तिथं पुण्याच्या डेक्कन कॉलेजनं १९६८ पासून १९८३ पर्यंत उत्खनन केलं. ह. धी. सांकळिया, म. के. ढवळीकर आणि झैनुद्दीन अन्सारी ही त्यातली ठळक नावं. सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वी तिथं शेतकऱ्यांचं भरलेलं गाव होतं. चौकोनी ऐसपैस घरं, धान्याच्या कणग्या, नदीचं पाणी फिरवणारा पाट. मेलेल्या लहान मुलांना ते दोन रांजण तोंडाला तोंड लावून घरातल्या जमिनीखालीच पुरत. पोर मेलं तरी घराबाहेर घालवायचं नाही, एवढी ती माया! पुढे इसवीसनापूर्वी हजार वर्षांच्या सुमाराला चित्र पालटतं. मोठी घरं जातात, लहान गोल झोपड्या येतात. शेती खालावते, शेळ्यामेंढ्या आणि शिकार यांच्यावर भार वाढतो. पावसानं दगा दिल्यामुळे शेतकरी पुन्हा भटका मेंढपाळ झाला, असा ढवळीकरांनी त्याचा अर्थ लावला.

हे वाचल्यावर माळाकडे पाहण्याची माझी नजर बदलली. शेती पिकली की माणूस नदीकाठी, आणि शेती बुडाली की माळावर. म्हणजे माळ हा आमच्या मुलखाचा अडीनडीचा सोबती आहे. सुखात त्याची आठवण कुणी काढत नाही, आणि संकटात तो कुणाला नाही म्हणत नाही.

माळाकडेच्या जुन्या गावांत फिरताना देवळाबाहेर, पारावर वीरगळ दिसतात. वीरगळ म्हणजे लढताना पडलेल्या माणसाची शिळा. खालच्या चौकटीत लढाई, मधल्या चौकटीत त्याला स्वर्गात नेणाऱ्या अप्सरा, वर शिवलिंगाची पूजा करणारा तो वीर आणि अगदी माथ्यावर चंद्रसूर्य. कित्येक शिळांवर खालच्या चौकटीत गाई कोरलेल्या असतात. हा राज्यासाठी मेलेला सरदार नव्हे. गावची गुरं कुणी हाकून नेत होतं, ती सोडवायला धावला आणि पडला. शिळेवर बहुधा त्याचं नाव नसतं. पण गवत होतं, गवतावर गुरं होती आणि त्या गुरांपायी जीव देणारी माणसं होती, एवढी साक्ष ती शिळा देते. कुठं तिलाच तेल-शेंदूर लावून लोकांनी देव केलं आहे. मला त्यात काही वावगं वाटत नाही.

भीमेच्या काठी पेडगावचा भुईकोट आहे. बहादूरखान कोकलताश या मोगल सरदाराच्या नावावरून त्याला बहादूरगड म्हणत. आता तो धर्मवीरगड म्हणून ओळखला जातो. तटाच्या आत यादवकाळातलं लक्ष्मीनारायणाचं कोरीव देऊळ आहे. त्याच तटाच्या आत मोगलांची छावणी होती. आणि फेब्रुवारी १६८९ मध्ये संभाजीमहाराजांना कैद करून औरंगजेबापुढे उभं केलं तेही तिथंच. त्या जागी गेलं की मी कुणाशी बोलत नाही. इतिहासातलं आपल्या सोयीचं तेवढंच उचलावं आणि बाकीचं झाकावं, हे ग्रंथात जमत असेल. माळावर जमत नाही. तिथं देऊळ, छावणी आणि विटंबना एकाच उन्हात उघडी पडलेली असतात.

इकडे श्रीगोंद्यात शेख महंमदबाबांची समाधी आहे. ‘योगसंग्राम’ लिहिणारे, सतराव्या शतकातले संतकवी. संमेलनांत मला अधूनमधून कुणी तरी कौतुकानं विचारतं, ‘तुम्ही मुसलमान असून इतकं छान मराठी कसं लिहिता?’ मी सांगतो, ‘आमच्या तालुक्यात ही साडेतीनशे वर्षांची वहिवाट आहे.’ आणि कर्जतपलीकडे जामखेड तालुक्यातलं चौंडी हे अहिल्याबाई होळकरांचं जन्मगाव. १७२५ साली त्या जन्मल्या त्या याच कोरड्या मुलखात, धनगराच्या घरी. देशभर घाट, विहिरी, बारवा बांधणाऱ्या या बाईला पाण्याची किंमत कुणी शिकवली असेल, हे आमच्या माळावर एक उन्हाळा काढला की समजतं.

दौंडहून मनमाडकडे जाणारा लोहमार्ग आमच्या माळातून जातो. १८७६ ते १८७८ या काळात दख्खनला मोठा दुष्काळ पडला होता. हा मार्ग सुरू झाला १८७८ साली. त्याच्या भरावाचं मातीकाम बरंचसं दुष्काळी कामावरच्या माणसांनी केलेलं आहे. माळावर सकाळी उभं राहिलं की तो भराव दूरवर एका रेषेत दिसतो. वरून गाडी जाते, खिडकीतल्या माणसाला वाटतं बाहेर काही नाही. पण ज्या मातीवरून तो चालला आहे, ती माती उपाशी माणसांनी पाट्यांनी वाहिलेली आहे. त्यांचीही नावं कुठं नाहीत.

आता एक गोष्ट माझ्या पोटापाण्याच्या उद्योगातली. मी आयुष्यभर महसुलात कारकुनी केली. गेल्या वर्षी स्वेच्छानिवृत्ती घेतली. सातबाऱ्यावर एक शब्द असतो, ‘पोटखराबा’. म्हणजे शेतातला लागवडीला न येणारा भाग. आणि गावाच्या नोंदीत दुसरा शब्द असतो, ‘पडीक’. या शब्दांची मुळं आमच्या अगदी शेजारी आहेत. भीमेपलीकडच्या इंदापूर तालुक्यात १८३५-३६ च्या सुमाराला गोल्डस्मिड आणि विंगेट या दोन इंग्रज अधिकाऱ्यांनी जमिनीची नवी मोजणी सुरू केली. त्याआधीच्या जबर साऱ्यानं शेतकरी गाव सोडून चालले होते, म्हणून सारा बेतानं बसवायचा होता. त्यांनी जागोजाग खड्डे खणून मातीची खोली मोजली, तिचे नऊ वर्ग पाडले. खोल काळी जमीन सोळा आण्यांची, आणि सगळ्यात हलकी दोन आण्यांची. हीच आपली प्रतबंदी.

सारा ठरवायला ती पद्धत चांगलीच होती. शेतकऱ्याचा जीव तिनं थोडाफार हलका केला. पण तिच्यात जमिनीला एकच प्रश्न विचारला होता : तुझ्यात पीक किती येईल? नांगराला उत्तर दिलं नाही ती जमीन खराब, नाही तर पडीक. तिथं गवत होतं, गवतावर मेंढरं होती, मेंढरांवर धनगर आणि घोंगडी विणणारे जगत होते, मेंढरं शेतात बसवून शेतकऱ्याला खत मिळत होतं. पण या कशाचा खड्डा खणून थर मोजता येत नव्हता. राज्य बदललं, साहेब गेले, शब्द राहिला. एखाद्या जागेला ‘पडीक’ म्हटलं की तिचं काहीही करायला आपण मोकळे होतो.

आपण असंही धरून चालतो, की माळ म्हणजे तोडलेलं जंगल. पूर्वी इथं घनदाट अरण्य असणार, माणसानं ते कापलं, म्हणून आता झाडं लावून ते परत आणायचं. झाडं लावणं वाईट असं कोण म्हणेल? पण आशिष नेर्लेकर आणि दिग्विजय पाटील या दोन अभ्यासकांनी २०२५ साली एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. त्यांनी पुरावा शोधला तो आपल्या मराठीत. तेराव्या शतकापासूनची चरित्रं, कथा, ओव्या त्यांनी चाळल्या आणि त्यांत आलेल्या रानवनस्पतींची नावं टिपली. ४४ वनस्पती मिळाल्या. त्यांतल्या निम्म्याहून अधिक दाट जंगलाच्या नव्हेत, उघड्या गवताळ रानाच्या निघाल्या. म्हणजे पश्चिम महाराष्ट्रातले हे माळ निदान साडेसातशे वर्षं तरी माळच आहेत.

हे वाचून मला किती आनंद झाला म्हणून सांगू! शब्द हा माझा व्यवसाय. जात्यावर दळणाऱ्या बाईनं ओवीत सहज घातलेली बाभूळ, चरित्रकारानं जाता जाता लिहिलेली तरवडाची जाळी, आज सातशे वर्षांनी माळाच्या बाजूनं साक्ष द्यायला उभी राहते. कागदानं ज्याला पडीक म्हटलं, त्याची दुसरी नोंद भाषेनं ठेवली होती.

आणि या ‘पडीक’ जागेवर थंडीत पाहुणे किती येतात! भोवत्या नावाचा शिकारी पक्षी मध्य आशियाच्या गवताळ प्रदेशातून हजारो किलोमीटर उडत येतो आणि गवतावरून हातभर उंचीनं घिरट्या घालतो. रात्री झोपतो तोही जमिनीवर, गवतातच. चंडोल आहेत, धाविक आहे, खोकड आहे, लांडगा आहे. काळविटासाठी कर्जत तालुक्यात रेहेकुरीला १९८० साली अभयारण्य झालं. ते आहे अवघं २.१७ चौरस किलोमीटर, पण त्यात कळप टिकला. माळढोकासाठी १९७९ साली सोलापूर आणि नगर जिल्ह्यांत मोठं अभयारण्य जाहीर झालं, ८,४९६ चौरस किलोमीटरचं. त्यात लोकांची शेतं, गावं सगळं आलं, माणसं वैतागली. नंतर ते १,२२२ चौरस किलोमीटरवर आणलं गेलं. पण तोवर माळढोक आमच्या भागातून जवळजवळ नाहीसा झाला होता. वडिलांबरोबर जाताना माणसाच्या कमरेएवढा पक्षी गवतातून शांतपणे चालताना मी पाहिलेला आहे. माझ्या मुलांनी तो चित्रातच पाहिला.

आता मुद्द्याचं. आमच्या गावाला सव्वाशे एकर गायरान आहे. सरकारी नोंदीत पडीक. त्याचं काय करायचं यावर यंदा गावात तीन मतं आहेत. एक मत, खड्डे घेऊन सगळीकडे झाडं लावा. दुसरं, सौर पटलं बसवा. शेतकऱ्याला दिवसा वीज मिळेल, रात्री-अपरात्री पंप चालू करायला जाऊन साप-विंचवाच्या तोंडी जायला नको. तिसरं, ज्यांना घर नाही त्यांना तिथं जागा द्या. तिन्ही मतं मांडणारी माणसं भली आहेत. गरिबाला घर नको, शेतकऱ्याला वीज नको, असं मी कोणत्या तोंडानं म्हणू?

पारावर बोलणं चाललं असताना एक तरुण मला म्हणाला, ‘चाचा, गवतावर कविता होते, पोट भरत नाही.’ पोरगा हुशार आहे, माझ्या डोळ्यांसमोर वाढला. त्याला तिथं उत्तर दिलं नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे त्याला म्हटलं, चल माझ्याबरोबर. गायरानाच्या तोंडाशी आम्ही दोघं थांबलो आणि सकाळी चरायला येणारी जनावरं मोजली. ऊन वर येईतो दोनशे चौदा शेळ्या-मेंढ्या आणि एकतीस गाई-म्हशी गेल्या. मग त्या कुणाच्या, याची यादी केली. सत्तावीस घरं भरली. त्यांतल्या एकोणीस घरांच्या नावावर गुंठाभरही जमीन नाही. दोन तर एकट्या राहणाऱ्या विधवा. पोरांच्या वह्या, दवाखाना, लग्नातला आहेर, सगळं त्या शेळ्यांवर. गायरान हाच त्यांचा सातबारा. फक्त तो कुठं लिहिलेला नाही. पोरगा यादी हातात धरून बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, ‘हे ग्रामसभेत वाचायला पाहिजे.’

येत्या सव्वीस जानेवारीला ग्रामसभा आहे. आम्ही दोघं मिळून एक मांडणी करणार आहोत. घरं गावठाणाला लागून असलेल्या कडेला द्यावीत, म्हणजे पाणी आणि शाळा जवळ राहील. मुरूम उकरून उकरून जो भाग आधीच खरवडला गेला आहे, तिथं सौर पटलं बसवावीत. झाडं ओढ्याच्या दोन्ही काठांनी लावावीत. तिथं ओल आहे, ती जगतील. आणि उरलेला माळ माळच ठेवावा. पण मोकाट नव्हे. आपल्या आज्या-पणज्यांच्या काळी कुरण राखत असत, तसं राखावं. पावसाळ्यात एका भागात चराई बंद, गवताला बी धरू द्यायचं, मग तो भाग उघडायचा आणि दुसरा राखायचा. कापणीच्या गवताचा लिलाव केला तर पंचायतीला चार पैसेही मिळतील. हे मान्य होईलच असं नाही. सभा आहे, आवाज चढतील, जुनी भांडणं निघतील. पण निर्णय काहीही होवो, तो ‘तिथं काही नाही’ असं समजून होऊ नये, एवढीच माझी धडपड आहे.

सभेत मी कविता वाचणार नाही. त्या तरुणाची यादी आहे, ती तो वाचेल. माझ्याकडे एक वही आहे, ती मी वाचेन. तिच्यात आमच्या गायरानावरच्या गवतांची नावं आहेत. राखणाऱ्या म्हाताऱ्यांनी, धनगरांनी, शेण वेचणाऱ्या बायांनी सांगितलेली. कोणतं गवत म्हशीला दुधाला चांगलं, कोणतं छपराला, कोणतं पोट फुगवतं. आतापर्यंत एकतीस झाली. शिवाय वडिलांनी सांगितलेली जागांची नावं. त्यांतली निम्मी आज गावात कुणाला ठाऊक नाहीत. नाव गेलं की जागा नुसता गट नंबर होते, आणि गट नंबराचं काहीही झालं तरी कुणाचं काळीज हलत नाही.

श्रोतेहो, तुमच्या गावालाही कुठं तरी माळ असेल, गायरान असेल. थंडी अजून महिनाभर आहे. एखाद्या रविवारी ऊन वर यायच्या आत तिकडे जाऊन या. कुसळं कपड्यांना चिकटतील, संध्याकाळी बसून ती काढावी लागतील, याची तयारी ठेवा. जमलं तर गावातलं एखादं म्हातारं माणूस बरोबर घ्या. त्याला फार काही विचारू नका. प्रत्येक टेकाशी, प्रत्येक ओढ्याशी थांबून एवढंच विचारा, ‘बाबा, ह्याला काय म्हणतात?’ आणि जे सांगतील ते वहीत लिहून ठेवा.